खिसा लहान असला तर नाण्यांच्या स्पर्धेत उतरायचंच नाही का?

प्रश्न: आमच्या क्लबात दरवर्षी नाण्यांची स्पर्धा होते. नियम सोपा आहे, संचातल्या प्रत्येक नाण्याच्या ग्रेडचे, म्हणजे ते किती चांगलं टिकलंय ते सांगणारे आकडे मिळवायचे, ज्याची बेरीज मोठी तो पहिला. गेली चार वर्षं तेच दोघं आलटून पालटून जिंकतायत. माणसं चांगली आहेत, राग नाही, पण बाकीचे आता नाणी आणायचेच बंद झालेत. यंदा मी समितीवर आहे. खर्चावर मर्यादा घालावी का?

उत्तर: खर्चावर नको. पावत्या कोण तपासणार? आजोबांच्या डब्यातून मिळालेल्या नाण्याची किंमत काय धरायची, आणि वीस वर्षांपूर्वी घेतलेलं असेल तर तेव्हाची की आजची? शिवाय एखाद्यानं नुसत्या नजरेच्या जोरावर गल्ल्यातल्या ढिगातून दुर्मीळ प्रकार उचलला आणि तुम्ही त्याला बाजारभाव लावला तर ज्याचं कौतुक करायचं तोच बाद.

मर्यादा घाला ती ग्रेडवर. का ते सांगतो. ग्रेडचे हे 1 ते 70 आकडे आले कुठून माहितीये? विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी हे मोजमाप मांडलं, आणि त्यातला हिशोब चक्क किमतीचा होता, म्हणजे जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला 1 धरला तर अगदी निर्दोष नाणं त्याच्या 70 पट दामाचं. तो हिशोब पुढे बाजारात टिकला नाही, आज वरच्या टोकाला एका आकड्याच्या फरकानं भाव कित्येक पट होतो, पण आकडे राहिले ते राहिलेच. आता तुम्ही त्याच आकड्यांची बेरीज करून नंबर काढणार म्हणजे पाकिटं मोजल्यासारखंच झालं ना!

एयू 58 (एयू म्हणजे जवळपास न वापरलेलं) ही कमाल ठेवा, त्यावरची नाणी या गटात नाहीत. 60 पासून पुढची न वापरलेली नाणी, 58 म्हणजे अगदी थोडं हाताळलेलं. भिंगाखाली बघा एकदा. नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावर, कानावरच्या केसांवर, म्हणजे जिथे नाणं सगळ्यात उंच असतं तिथे किंचित मळकट डाग पडल्यासारखी झीज दिसेल, आणि नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलंत की बाकीच्या भागावरून चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, फक्त त्या उंचवट्यांवर तुटते. याउलट 60-61 वालं नाणं वापरलेलं नसतं खरं, पण टांकसाळीच्या पोत्यात एकमेकांवर आपटून त्याच्या गालावर इतके ओरखडे असतात की बघवत नाही. मला विचाराल तर दहातल्या सात वेळा मी 58 च उचलेन, आणि बहुतेक वेळा ते स्वस्तही पडतं.

ही कल्पना माझी नाही बरं का. पीसीजीएस या नाण्यांना ग्रेड देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या सेट रजिस्ट्रीत, म्हणजे संग्राहकांच्या संचांची क्रमवारी लावणाऱ्या यादीत, ‘एव्हरीमन’ नावाचे संच याच मर्यादेवर चालतात. त्यांच्याकडे उलट गंमतही आहे, ‘लोबॉल’, ज्यात जितकं झिजलेलं नाणं तितके गुण जास्त. वाटलं असेल हा तरी गरिबाचा खेळ, पण झालं काय, फक्त साल आणि प्रकार कसाबसा ओळखू येतो अशा ग्रेड 1 च्या नाण्यांमागे लोक लागले आणि काही मालिकांमध्ये ती जरा बऱ्या नाण्यांपेक्षा महाग झाली. म्हणजे बक्षीस टोकाला ठेवलं की पैसा तिथे पोचतोच, मग ते टोक वरचं असो की खालचं. म्हणून 58 ची मर्यादा घालूनही परत ग्रेडची बेरीज करू नका, नाहीतर सगळे 58 च्या मागे धावतील.

गुण दुसरीकडे न्या. टपाल तिकिटांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत पारंपरिक गटाला 100 पैकी 35 गुण अभ्यास आणि संशोधनाला असतात, स्थिती आणि दुर्मिळता मिळून 30. तसंच काहीसं करा. संचाला विषय हवा, प्रत्येक नाण्याखाली चार ओळी स्वतः लिहिलेल्या हव्यात, हे साल का निवडलं, साचा कुठे बदलला, टांकसाळीची खूण कुठे आहे.

आणि दोन गोष्टी विसरू नका. स्लॅबची, म्हणजे ग्रेड देऊन नाणं सीलबंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीची सक्ती काढा, कारण साध्या नाण्याच्या किमतीपेक्षा ग्रेडिंगची फी जास्त होते आणि मग माणूस नाण्यासाठी नाही तर प्लॅस्टिकसाठी पैसे भरतो. ज्यांच्याकडे स्लॅब आहेत त्यांच्या लेबलवर कागदाची पट्टी चिकटवा, मालकाचं नावही झाका. परीक्षकाला आकडा दिसला की नाणं दिसायचं बंद होतं, हे मी स्वतः परीक्षक असताना केलेलं पाप आहे. एकदा पट्टी काढल्यावर कळलं की आम्ही तिघांनी सर्वात वर ठेवलेलं नाणं टेबलावरच्या सगळ्यात कमी ग्रेडचं होतं. त्या दिवशी चहा जरा शांततेतच झाला.

त्या दोघांना मात्र हाकलू नका हं, त्यांच्यासाठी खुला गट ठेवा.

प्रश्न: जुनी नाणी परवडत नाहीत. नवीन, थेट टांकसाळीतून आलेली 70 ग्रेडची नाणी घेऊन रजिस्ट्रीत वर जाता येईल?

उत्तर: जाता येईल, टिकता येणं अवघड. आज त्या ग्रेडची तीनच नाणी नोंदलीयत म्हणून तुम्ही चढ्या भावानं घेता, पण नवीन नाणी लाखांनी पडलेली असतात, लोक पाठवत राहतात आणि वर्षभरात तीनाची तीनशे झाली की भाव कोसळतो. जुन्या नाण्यांत उलटा घोळ, लोक स्लॅब फोडून तेच नाणं परत पाठवतात आणि जुनं लेबल परत केलं नाही तर एकच नाणं दोनदा मोजलं जातं. पॉप रिपोर्ट, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी नोंदली त्याची यादी, बघा जरूर, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

प्रश्न: स्वस्तातलं काळवंडलेलं नाणं घासून चकचकीत केलं तर?

उत्तर: अजिबात नको! घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, नुसतं ‘साफ केलेलं’ असं लेबल येतं. काळं आहे तसंच आणा, 58 च्या गटात चालेल.