शेजारच्या पोराला मेंदूज्वर झाला, आता सगळ्या चाळीने गोळ्या घ्यायच्या का?

प्रश्न : डॉक्टर, शेजारच्या पोराला मेंदूज्वर झालाय, ऍडमिट आहे. चाळीत सगळे म्हणतात गोळ्या घ्या, एकजण तर पोरं घेऊन माहेरी अक्कलकोटला गेली. आणि पाठीतलं पाणी काढायचं म्हणलं की त्याची आजी नको म्हणते, पोरगं लुळं पडेल म्हणून. काय करावं?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी आजीला समजवा, कारण तुमच्या गोळ्यांचं उत्तरपण त्या पाण्यातच आहे. सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यानं पोरगं लुळं पडत नाही. जिवाणूचा मेंदूज्वर मात्र सहातल्या एकाला नेतो, पाचातल्या एकाला बहिरेपण, फिट असं काहीतरी मागे ठेवतो, म्हणून पाणी काढायला वेळ लागणार असेल तर डॉक्टर अँटीबायोटिक आधीच सुरू करतात.

पाठीतल्या पाण्यात मेनिंगोकोकस (मेंदूज्वराचा एक जिवाणू) निघाला तर घरातल्यांना, त्याच्याजवळ झोपणाऱ्यांना गोळ्या, शक्यतो 24 तासांत. न्यूमोकोकस (दुसरा जिवाणू) निघाला तर त्यांनापण नको. अख्ख्या चाळीला दोन्हीत नको. हा खोकल्याच्या, लाळेच्या थेंबांतून जातो, नळाच्या पाण्यातून नाही. पण दहा दिवस पोरांवर लक्ष ठेवा : ताप, मान ताठ, उलट्या, गुंगी, किंवा काचेचा ग्लास दाबला तरी न जाणारे जांभळे डाग दिसले तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. अक्कलकोटला गेलेल्या ताईंनापण फोन करून हे सांगा.

आता लसीचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत 26 देशांच्या पट्ट्यात 1996-97 ला अडीच लाख लोकांना हा आजार झाला, 25 हजार गेले. 2010 पासून तिथं मेनिंगोकोकसच्या ए प्रकारावरची, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली लस दिली, डोस अर्ध्या डॉलरहून स्वस्त, 40 डिग्रीत चार दिवस टिकणारी (आपल्या एप्रिल-मेमध्ये 40 म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको), आणि 2017 नंतर तिथं त्या ए प्रकाराची एकही पक्की केस नाही. आता ए आणि आणखी चार प्रकार धरून पाच प्रकारांवरची लस आलीये, तीपण पुण्याचीच, 2024 ला नायजेरियानं पहिल्यांदा वापरली.

आपल्याकडे मेनिंगोकोकसची लस सरकारी यादीत नाही, हजला जाणाऱ्यांना मात्र लागतेच. पण हिब (मेंदूज्वराचा आणखी एक जिवाणू) आणि न्यूमोकोकसची फुकट आहे. कार्ड काढून बघा, पेंटा (यात हिबची लस असते) दीड, अडीच, साडेतीन महिन्यांला आणि पीसीव्ही (न्यूमोकोकसची लस) दीड, साडेतीन, नऊ महिन्यांला. एखादा डोस राहिला असेल तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात कार्ड घेऊन जा, या आठवड्यातच.