पाहुण्याने हसायचं नाही

तुमचा प्रश्न असा: जुन्या ब्रिटिश स्केच कॉमेडीत, म्हणजे छोट्या छोट्या विनोदी प्रवेशांच्या टीव्ही कार्यक्रमांत, मोठमोठे कलाकार पाहुणे म्हणून यायचे, ते नुसते चेहरा दाखवायला यायचे की खरंच काही काम करायचे? आणि नवख्याने आधी काय बघावं?

आधी बघा १९७१ च्या नाताळचा 'मोरकम अँड वाईज शो'. बीबीसीचा. त्यातला आंद्रे प्रेविनचा प्रवेश बघितलात की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. तरी सांगतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

मोरकम आणि वाईज ही विनोदी जोडी. एरिक मोरकम उंच, चष्मेवाला, वात्रट. एर्नी वाईज बुटका, नीटनेटका, आणि कार्यक्रमात स्वतःला थोर नाटककार समजणारा. 'द प्ले व्हॉट आय रोट' असं चुकीचं इंग्रजी तो छाती फुगवून बोलतो. आपल्याकडे कुणी 'म्या लिवल्यालं नाटक' म्हणावं तसं. हे सोंग त्याला दिलं एडी ब्रेबन या लेखकाने, १९६९ पासून. पाहुणे येण्याची सोयही त्यातच झाली. एर्नीच्या भिकार नाटकात काम करायला देशातले नामांकित नट येणार, आणि अगदी मन लावून करणार.

आता प्रेविन. तो तेव्हा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख संचालक, म्हणजे वादकांपुढे उभा राहून वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर. त्याला सांगितलेलं असतं की येहुदी मेन्युहिन व्हायोलिन वाजवणार आहेत. आल्यावर कळतं, ते येत नाहीत. त्यांच्याऐवजी एरिकच पियानो वाजवणार आहे, ग्रीग या संगीतकाराचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना. प्रेविन शांतपणे म्हणतो, मी माझी बॅटन (संचालकाची छडी) घेऊन येतो. आणि एक क्षण थांबून: ती शिकागोला आहे. इथे एरिकचा चेहरा बघा. हा पाहुणा जमणार, हे त्याला त्या एका वाक्यात कळलेलं दिसतं.

पुढे एरिकची तक्रार, की सुरुवातीचा वाद्यवृंदाचा भाग आखूड पडतोय. किती आखूड? साधारण एक यार्ड. मग तो बसतो आणि जे काही बडवतो ते ऐकून प्रेविन म्हणतो, तुम्ही सगळे सूर चुकीचे वाजवताय. एरिक उठतो, प्रेविनच्या कोटाची कॉलर धरतो आणि सांगतो: सूर सगळे बरोबरच वाजवतोय मी, फक्त त्याच क्रमाने असतील असं नाही. ब्रिटनमध्ये हे वाक्य म्हणीसारखं झालंय.

गंमत अशी की हा प्रवेश नवा नव्हता. साठच्या दशकात दुसऱ्या वाहिनीवर या जोडीने तोच केला होता, तेव्हा संचालक झाला होता एर्नी. चांगलाच होता, पण एर्नी संचालक नाही हे सगळ्यांना माहीत होतं. १९७१ मध्ये समोर खरा संचालक उभा राहिला, मागे खरोखरचे वादक बसले, आणि त्याच विनोदाचं वजन बदललं. प्रेविन एकदाही 'मी विनोदी काम करतोय बरं का' असं दाखवत नाही. त्याची चीड संगीतकाराचीच आहे. आणि हे सगळं त्याने पाठ केलं कुठे, तर विमानतळावरून येताना टॅक्सीत. अमेरिकेत आई आजारी होती म्हणून तो मध्येच तिकडे गेला होता, तालमीला वेळ उरलाच नव्हता.

आपल्याकडच्या वगात हे जुनंच आहे म्हणा. राजा खरोखर राजासारखा बसला, तरच सोंगाड्याच्या कोटीला धार येते. राजाच खिदळायला लागला तर सोंगाड्याने करायचं काय?

मला हे आमच्या सोसायटीच्या गणपतीत कळलं. एका प्रहसनात आम्ही आमच्या कडक शिस्तीच्या अध्यक्षांना स्वतःच्याच भूमिकेत बोलावलं. त्यांनी फक्त यायचं आणि 'पार्किंगमध्ये कुणाची गाडी आहे?' एवढंच विचारायचं. तालमीत हे वाक्य ऐकून सगळे लोळले. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना वाटलं आपणही थोडं हसवावं. खिशातून चिठ्ठी काढून तीन विनोद सांगितले, स्वतःच हसले, आणि मागच्या रांगेतली मंडळी वडापावकडे वळली.

१९७१ च्या त्याच नाताळात गायिका शर्ली बॅसी 'स्मोक गेट्स इन युअर आईज' गात असताना तिच्या बुटाची टाच पायरीत अडकते. एरिक-एर्नी स्टेजवरच्या कामगारांच्या वेषात येऊन तिच्या पायात भलाथोरला फौजी बूट चढवतात. ती एक सूर हलू देत नाही. गाणं उत्तम, आणि पायात तो धोंडा.

ग्लेंडा जॅक्सनचं तर नशीबच पालटलं. ती गंभीर भूमिकांची नटी. १९७१ मध्येच ती एर्नीच्या नाटकात क्लिओपात्रा झाली आणि त्याचं ते भयाण व्याकरण ठणठणीत आवाजात म्हणून गेली. ते बघून दिग्दर्शक मेल्विन फ्रँकने तिला विनोदी सिनेमात घेतलं, आणि त्यासाठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. एरिक-एर्नीने तिला तार केली, त्यातला मजकूर साधारण असा: आमच्याबरोबर राहा, आणखी एक मिळवून देऊ.

अँजेला रिपन १९७६ च्या नाताळात आली. रोज रात्री बीबीसीच्या बातम्या वाचणारी बाई, टेबलामागे कमरेपर्यंतच दिसायची. त्या रात्री टेबल दुभंगलं आणि ती नाचत बाहेर आली. लहानपणी बॅले शिकलेली होती, म्हणून ते नुसतं धक्कातंत्र राहिलं नाही.

मानधनावरचा विनोद हवा असेल तर पीटर कुशिंग. भयपटांचा हा सभ्य नट एकदा येऊन गेला, आणि मग वर्षानुवर्षे मध्येच उगवून 'माझे पैसे कधी देताय?' विचारत राहिला.

मॉन्टी पायथन या दुसऱ्या ब्रिटिश विनोदी कंपूची रीत वेगळी. त्यांच्या ४५ भागांत बाहेरचे नामवंत फार कमी. बायकी वेष घालून ते आपापसांतच भागवत. जिथे खरी बाई हवी तिथे कॅरल क्लीव्हलँड, आणि तिला मी पाहुणी म्हणणारच नाही; सहा जणांच्या नावांमागे तिचं नाव उगाच झाकलं गेलं, असं माझं मत. पण पाहुण्याचा वापर बघायचा तर १९७२ मधला तो दाढीवाला, फाटक्या कपड्यांतला माणूस बघा. दर भागाच्या सुरुवातीला 'इट्स…' एवढंच म्हणतो आणि संगीत सुरू होतं. एकदाचा त्याला स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम मिळतो. पाहुणे कोण, तर बीटल्समधला रिंगो स्टार आणि गायिका लुलू! तो बिचारा स्वागत करतो, 'इट्स…' म्हणतो आणि संगीत सुरू! पाहुणे उठून चालू लागतात, तो त्यांना धरून बसवू पाहतो.

पण तुम्ही प्रेविनपासूनच सुरू करा. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा एरिककडे नको, एर्नीकडे बघा. दोघांच्या मध्ये, पाहुण्यापुढे अब्रू जाऊ नये म्हणून धडपडत असतो तो सगळा वेळ.