नॅनोधागा? वाख म्हणा, वाख!

प्रश्न असा आला आहे: ‘वनस्पतींपासून सेल्युलोज नॅनोफायबरची निर्मिती’ याऐवजी ‘नॅनोधागे बनवणे’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. सेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतीतला मुख्य पदार्थ, आणि त्याचे अतिसूक्ष्म तंतू म्हणजे हे नॅनोफायबर. हे ‘नॅनोधागे’ वाचून वाचून डोकं उठलंय. धागा कातावा लागतो, त्याला पीळ लागतो. इथे कातणं कुठलं आलंय? उसाचं चिपाड किंवा लाकूड कॉस्टिक सोड्यात शिजवून तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन काढतात, रंग उडवतात आणि उरलेला पांढरा लगदा प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा रेटतात. तंतू उकलत जातात, हाती येते ती दाट जेली. (१९७०च्या दशकात अमेरिकेत हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो दूध एकजीव करण्याच्या यंत्रात!) २००६मध्ये टोकियो विद्यापीठाच्या साइतो-इसोगाई मंडळींनी लगद्यावर आधी ‘टेम्पो’ नावाच्या उत्प्रेरकाची प्रक्रिया केली. तंतूंवर ऋण विद्युतभार आला, ते एकमेकांना दूर ढकलू लागले आणि मिक्सरसारख्या यंत्रात घुसळल्यावर ३-४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) रुंदीचे तंतू सुटे झाले.

परिभाषावाले लगेच ‘अब्जांशतंतू’ पुढे करतील. त्याचा अर्थ तंतूचा अब्जावा भाग असा होतो, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही? नॅनो म्हणजे ग्रीकमध्ये बुटका. राहू द्या की ‘नॅनो’ तसाच.

आता खरा शब्द: वाख. अंबाडीची धाटं पाण्यात कुजत घालतात, सालीला चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग जिवाणू खाऊन टाकतात, मग साल सोलून, आपटून धुतली की पांढुरका, रेशमासारखा जुडगा उरतो. तो वाख. वळला की दोरी, चऱ्हाट. संस्कृत वल्क, प्राकृत वक्क, मराठीत वाक आणि वाख. म्हणजे ऋषींची वल्कलं आणि बैलाचं दावं एकाच घराण्यातली! आहे की नाही गंमत?

‘वल्क म्हणजे साल, आणि नॅनोफायबर काही सालीतून येत नाही,’ असा आक्षेप एका विद्वानांनी मला ऐकवला होता. त्यांनी घायपात पाहिलेला नसावा. तो वाख पानातून निघतो, तरी वाखच. शब्दाने साल केव्हाच टाकली. विद्वानांनी धरून ठेवली आहे.

शिवाय कामही तेच. चिकट भाग घालवायचा, जुडगा उकलायचा. फक्त अंबाडीचा वाख डोळ्यांना दिसतो, हा दिसत नाही. माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज काढतात, त्यांनी तरी हा शब्द मनावर घ्यावा.

हां, तुमचं ‘बनवणे’ राहिलंच. सेल्युलोजचे तंतू झाड बनवतं. कारखाना ते सुटे करतो. वाख काढतात, बनवत नाहीत. तेव्हा ‘नॅनोवाख काढणे’. फारच बिचकत असाल तर ‘नॅनोतंतू’ लिहा, पण ‘काढणे’ सोडू नका.