स्वादुपिंडाच्या गाठीत सिनॅप्टोफायसिन (पेशींचा प्रकार ओळखायला रंगवून बघतात ते एक प्रथिन) पॉझिटिव्ह आलं. न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) म्हणायची की सॉलिड स्यूडोपॅपिलरी (स्वादुपिंडाच्या गाठीचा वेगळा प्रकार)?

एकट्या सिनॅप्टोफायसिनवर ठरवू नका; बीटा-कॅटेनिन आणि क्रोमोग्रॅनिन या प्रथिनांचे रंगही लावा. सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठीतही सिनॅप्टोफायसिन आणि सीडी५६ (असंच आणखी एक प्रथिन) बऱ्याचदा रंगतात, फसगत होते ती इथेच. पण तिच्यात सीटीएनएनबी१ या बीटा-कॅटेनिन बनवणाऱ्या जनुकातल्या बदलामुळे बीटा-कॅटेनिन केंद्रकात साठतं आणि क्रोमोग्रॅनिन सहसा येत नाही. न्यूरोएंडोक्राइनमध्ये उलट: क्रोमोग्रॅनिन सायटोप्लाझममध्ये कणीदार, बीटा-कॅटेनिन बहुतेक पेशीपटलावरच. जोडीला सीडी९९ या प्रथिनाचा रंग घ्या. केंद्रकाशेजारी एकच ठिपका दिसला तर कौल स्यूडोपॅपिलरीकडे. मात्र काही असायनर सेल कार्सिनोमातही (पाचक रस बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगात) बीटा-कॅटेनिन केंद्रकात दिसतं, तेव्हा ट्रिप्सिन आणि बीसीएल१० (त्या कर्करोगात रंगणारी प्रथिनं) निगेटिव्ह आहेत ना, हे बघूनच रिपोर्टवर सही करा.