पट्टीचं काम तुझं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. लेक पाच आठवड्यांची, डाव्या डोळ्यात जन्मापासूनचा मोतीबिंदू, ऑपरेशन गुरुवारी. शेवटी लिहिलंयस, 'एकदा ऑपरेशन झालं की सुटलो.' सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या अशाच ऑपरेशनच्या वेळी मीही असंच म्हणत होतो, म्हणून हातातलं टाकून लिहायला बसलो.

एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर तो चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास काढावा असं मानतात. म्हणजे तुम्ही वेळेत आहात. पण ऑपरेशनने उजेडाची वाट मोकळी होते, एवढंच. बघायला शिकायचं असतं ते मेंदूला. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या काळात शिवून बंद ठेवला होता. पुढे तो उघडला तेव्हा डोळ्यात खोट नव्हती, पण मेंदूतल्या पेशींनी त्याला वाळीत टाकलेलं. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर काही बिघडलं नाही. या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. पिल्लांची मला आजही दया येते, पण ऑपरेशननंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी कशासाठी लावतात हे मला त्यांच्यामुळेच कळलं. तुझ्या लेकीला उजवा डोळा सगळं दाखवतोय, मग मेंदू डाव्याची तसदी घेईल कशाला? म्हणून चांगला डोळा रोज झाकायचा.

किती वेळ, ते तुमचे डॉक्टर सांगतील आणि त्यांचाच आकडा पाळ. साधारण हिशेब असा असतो: बाळ जितक्या महिन्यांचं, तितके तास, आठ महिन्यांनंतर जागेपणीचा निम्मा वेळ. ऐकायला सोपं वाटतं. सात महिन्यांच्या बाळाला पट्टी ओरबाडता येते, हे मात्र हिशेबात नसतं.

बाळ झोपेत असतानाच पट्टी लाव, जागी झाली की लगेच खेळायला घे. पट्टी थेट कातडीवर चिकटवायची. चष्म्यावर लावलीस तर ती कडेवरून बघेल. काढताना कोमट पाण्याने भिजव, नाहीतर गाल सोलवटतो. आणि दिवसातला सगळ्यात मजेचा वेळ पट्टीसाठी राखून ठेव. ती किरकिरत पडून राहिली तर ते तास वायाच. तुझा चेहरा, काळे-पांढरे पट्टे, हलणारं काहीतरी, जवळून. तिचं सगळं जग सध्या हातभर अंतरावरच आहे.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढल्यावर त्याची जागा भरून काढायला बहुधा कॉन्टॅक्ट लेन्स देतील. एवढ्याशा बाळाच्या डोळ्यात आतच कृत्रिम भिंग बसवावं का, याचा एक मोठा अभ्यास झालाय. ११४ बाळं, सगळ्यांना एकाच डोळ्यात मोतीबिंदू. काहींना आत भिंग बसवलं, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांची दृष्टी सारखीच निघाली; आत भिंग बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा ऑपरेशनं मात्र जास्त लागली. तेव्हा लेन्स दिली तर आपल्याला कमी प्रतीचं काही दिलं असं मनात आणू नकोस. एक जादा लेन्स घरात असू दे. मी मध्यरात्री चादरीवर बॅटरी धरून ती शोधलेली आहे, आणि सापडली ती माझ्याच बाहीला चिकटलेली.

आता जे सांगायला मी कचरतोय ते. आमच्याकडे पट्टी हे बायकोचं काम होऊन बसलं. मी कामावरून यायचो तोवर पट्टी निघालेली असायची. माझ्या वाट्याला हसरी मुलगी आणि बायकोच्या वाट्याला दिवसभराचं रडणं. दहाव्या महिन्यात ती थकली, आणि आम्ही तीन आठवडे पट्टी सोडूनच दिली. तिचं चुकलं असं मी तेव्हा बोलूनही दाखवलं. आजही तो शब्द आठवला की जेवण उतरत नाही. तू रोज किमान एक तास स्वतःच्या हाताने लाव. रडणं तुझ्याही अंगावर येऊ दे.

हे सगळं करूनही निकाल तुझ्या हातात नाही. त्याच अभ्यासातली मुलं दहा वर्षांची झाली तेव्हा जेमतेम चौथ्या हिश्श्याला त्या डोळ्याने ६/१२ (म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना ६/६० किंवा त्याहूनही कमी. माझ्या मुलीला डाव्या डोळ्याने तक्त्यावरची मोठी अक्षरं तेवढी दिसतात. ते तीन आठवडे नडले का? कुणीच सांगू शकणार नाही. तसंच मोतीबिंदू का झाला याचंही. एका डोळ्यातल्या मोतीबिंदूचं कारण पुष्कळदा सापडतच नाही, तेव्हा गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, ही उलटतपासणी घरात कुणी सुरू केली तर तिथेच थांबव. ते बायकोने करायचं नसतं, तू करायचं.

दोन गोष्टी कधी सोडू नकोस. या ऑपरेशननंतर काचबिंदूचा धोका राहतो, अगदी वर्षांनंतरही, म्हणून डोळ्याच्या दाबाची तपासणी जन्मभर. डोळ्यातून पाणी येणं, उजेड न सोसणं, बुबुळ धूसर किंवा मोठं दिसणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. आणि चालायला लागली की न फुटणाऱ्या काचांचा चष्मा, चांगल्या डोळ्याच्या रक्षणासाठी. माझी मुलगी आजही तो लावल्याशिवाय बाहेर पडत नाही.

पट्टीच्या तासांची वही ठेव. आमची अजून आहे. आकड्यांच्या मध्येच एका पानावर बायकोने लिहिलंय, 'आज कुशीवर वळली. पट्टी: अडीच तास.' त्या महिन्यातलं मला दुसरं काहीच आठवत नाही.

गुरुवारी भुलीसाठी बाळाला उपाशी ठेवतील आणि ती भुकेने रडेल; किती तास आधी दूध बंद करायचं ते बुधवारीच विचारून ठेव. लेन्स बसवायला शिकवतील तेव्हा तुम्ही दोघंही शिका. पहिल्या दिवशी हात थरथरला तर फोन कर, मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका