टीडीएस कापला गेलाय, हिशोब काहीच नाही, आता नोटीस आली तर?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीचे तबलावादक, वीस वर्षं वाजवताय, कार्यक्रम, थोडं रेकॉर्डिंग आणि घरी क्लास. मागच्या दोन वर्षांचं रिटर्न भरलं नाही, आयोजकांनी मानधन देतानाच दहा टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने सरकारकडे आधीच भरायचा टॅक्स, कापला आणि आता इन्कम टॅक्सचा मेसेज आलाय की तुमच्या नावावर एवढे पैसे दिसतायत, रिटर्न का नाही. एक मित्र म्हणतो निम्मं उत्पन्न दाखवून सोपा फॉर्म भर, दुसरा म्हणतो खर्चाची बिलं करून देतो. आणि तुम्हाला झोप नाही.

आधी झोपेचं बघू. 2024-25 चे आकडे तुम्हीच दिलेत. टीडीएस कापलेलं मानधन 6,20,000, मंडळांकडून पाकिटात मिळालेले 90,000, बारा मुलांची क्लासची फी 1,44,000, म्हणजे एकूण 8,54,000. त्यातले 2,85,000 तुम्ही साथीदारांना दिले, हार्मोनियम, पखवाज, तालवाद्य. प्रवास, तबल्याची शाई-पुडी (वरचं कातडं), माईक वगैरे 74,000. हातात राहिले 4,95,000. त्या वर्षी नवीन रेजीममध्ये (टॅक्सच्या नव्या पद्धतीत) सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे टॅक्समधली सूट, धरून टॅक्स शून्य होता. म्हणजे कापलेले 62,000 रुपये सगळे तुमचेच आहेत, सरकारने तुम्हाला ते परत द्यायचेत, आणि तुम्ही मात्र स्वतःला गुन्हेगार समजून बसलात.

म्हणूनच खोट्या बिलांच्या वाटेला जाऊ नका. खोटी नोंद सापडली तर त्या नोंदीच्या रकमेएवढा दंड होऊ शकतो, चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवल्याचं ठरलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट. आणि कशासाठी? खऱ्या आकड्यांवर टॅक्स शून्यच येतोय ना.

निम्मं उत्पन्न दाखवायच्या सोप्या फॉर्मबद्दल. ते कलम 44एडीए आहे, पण ते सगळ्या कलाकारांना नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए अशा ठराविक व्यवसायांची यादी आहे, त्यात फिल्म कलाकार आहेत, आणि फिल्म कलाकार म्हणजे कोण तेही लिहून ठेवलंय, नट, गायक, संगीत दिग्दर्शक, गीतकार, एडिटर, कॅमेरामन. वादकाचं नाव त्यात नाही. खूप जण तरीही भरतात, पण मी तुम्हाला ते सांगणार नाही, उद्या विचारलं तर बचाव करणं अवघड जातं. तुम्ही आयटीआर-3 हा रिटर्नचा फॉर्म भरा, खरी जमा, खरा खर्च.

आता साथीदारांचे पैसे, तुमचा खरा गुंता इथेच आहे. आयोजक पूर्ण मानधन तुमच्या खात्यात टाकतो, टीडीएस पूर्ण रकमेवर तुमच्या पॅनवर कापतो, आणि कार्यक्रम संपला की तुम्ही गाडीतच तिघांना रोख देऊन मोकळे होता. सरकारला दिसतं की सगळे पैसे तुमचेच. तर जमेला पूर्ण रक्कम दाखवा, म्हणजे एआयएसशी, खात्याकडे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाच्या यादीशी, जुळेल, आणि साथीदारांचं मानधन खर्चात धरा. अडचण एकच. एका माणसाला एका दिवशी 10,000 पेक्षा जास्त रोख दिलं असेल तर तो खर्च मान्य होत नाही. तुम्ही म्हणता असे सगळे मिळून साधारण 40,000 झाले, ते खर्चातून काढा, उत्पन्न 5,35,000 होईल, तरी टॅक्स शून्यच. बाकीच्यांसाठी प्रत्येक साथीदाराकडून एक पत्र घ्या, कुठला कार्यक्रम, किती मिळाले, त्याचा पॅन. पण त्यावर आजचीच तारीख घाला! मागची तारीख टाकून पावत्या करू नका. निमंत्रणपत्रिका, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, बँक स्टेटमेंट, जीपेची हिस्टरी, सगळं एका फाईलला लावा, एवढ्यावर बरंच उभं राहतं.

रिफंडची मुदत मात्र निघून गेलीय. 2024-25 चं उशिराचं रिटर्न 31 डिसेंबर 2025 पर्यंतच भरता येत होतं. कोणी सांगेल की अपडेटेड रिटर्न (मुदत गेल्यावरही भरता येणारं) भरा, पण त्यात रिफंड मागताच येत नाही. तुमचा रस्ता कलम 119(2)(ब) चा, विलंब माफ करा असा अर्ज. ई-फायलिंग पोर्टलवर कंडोनेशन रिक्वेस्टमध्ये तो करता येतो, असेसमेंट वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत, म्हणजे तुमची दोन्ही वर्षं बसतात. दोन्ही वर्षांचा वेगळा अर्ज करा. त्यात उशिराचं खरं कारण लिहायचं. वडिलांच्या आजारपणाचं तुम्ही लिहिलंत, हॉस्पिटलची कागदं जोडा. "मला माहीत नव्हतं" एवढंच लिहाल तर ते कमी पडेल. मंजुरी मिळाली की मग रिटर्न भरायचं. अशा रिफंडवर व्याज मिळत नाही, लेट फीही धरून चाला, पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर 5,000. माझ्या मते तरी हा अर्ज कराच. वर्षभर बोटं झिजवून मिळालेले पैसे आहेत ते.

मेसेजचं उत्तर आधी द्या पण. टॅक्स शून्य असला तरी उत्पन्न तीन लाखांच्या वर होतं, म्हणजे रिटर्न भरणं तुमच्यावर बंधनकारक होतंच. पोर्टलवर माहिती बरोबर आहे असं कळवा आणि अर्ज करतोय तेही. आणि पत्र खरंच खात्याचं आहे का ते बघा, त्यावर डीआयएन, म्हणजे खात्याच्या पत्राचा ओळख नंबर, असतो, पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. 148ए (जुन्या वर्षाची तपासणी पुन्हा उघडण्याआधीची नोटीस) असं काही लिहिलेलं पत्र आलं तर मात्र दिलेल्या तारखेच्या आत उत्तर गेलंच पाहिजे, तेव्हा थांबू नका, लगेच कोणाकडे तरी जा.

पुढचं सोपं आहे. 31 मार्च 2026 ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न वेळेत भरा, त्या वर्षाला 12 लाखांपर्यंत रिबेट आहे आणि त्याला जुनाच 1961 चा कायदा लागतो. 1 एप्रिल 2026 पासूनच्या कमाईला नवा कायदा. तुमच्यासारख्याचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की हिशोबाच्या वह्या ठेवणं कायद्यानेच आलं, ऐच्छिक नाही. फार मोठं काही नको. एक रोजकीर्द, कार्यक्रमाची सुपारी घेतली त्या दिवशी तारीख, आयोजक, ठरलेली रक्कम, अॅडव्हान्स, टीडीएस, साथीदारांना काय दिलं, प्रवास. कलेचं बँक खातं वेगळं. पाकिटातले पैसे आले त्याच रात्री लिहायचे. नवीन तबल्याची जोडी घेतली तर तो एकदम खर्च नाही, घसारा (वस्तूची झीज) म्हणून वर्षाला 15 टक्के, पुडी बदलली तर तो चालू खर्च. कुर्ते-झब्बे खर्चात घालू नका.

जीएसटीची तुम्हाला काळजी नको, 20 लाखांच्या आत आहात, शिवाय शास्त्रीय-लोककलेच्या कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत मानधनावर माफी आहे.

आणि आयोजकाला पुढच्या वेळी सांगून बघा, साथीदारांचं मानधन ज्याच्या त्याच्या खात्यात टाका. 1 एप्रिल 2025 पासून एका आयोजकाकडून वर्षाला 50,000 पर्यंत असेल तर टीडीएसच कापायचा नसतो, त्यामुळे त्या पोरांचेही पैसे अडकणार नाहीत. माझे मामा भजनात पखवाज वाजवायचे, पाकीट उघडून मोजायची त्यांना लाज वाटायची. तुम्ही मोजा आणि लिहा. एआयएस डाउनलोड झालं की मला दाखवा, अर्जाचा मसुदा मी बघून देते.