हप्ता ठरवताना जुलै महिना बघा

प्रश्न : वय ३२, पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. ढोलकी, तबला, संबळ आणि दिमडी वाजवतो. कार्यक्रम, रेकॉर्डिंग, शिकवण्या आणि स्वतःचा लोकवाद्यांचा अल्बम, सगळं एकदम चालू आहे. गेल्या आठवड्यात ३४,२०० रुपयांचं काम झालं, म्हणजे महिन्याला सव्वा लाखाच्या वर. घरातल्या एका खोलीत ६ लाखांचा स्टुडिओ करायचा आहे. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी मिळतंय. शिकवण्या बंद करून तो वेळ अल्बमला द्यावा, असंही मनात आहे. पत्नीचा पगार ३२,००० रुपये, मुलगी ३ वर्षांची, भाड्यासह घरखर्च ५२,००० रुपये, बँकेत २ लाख १० हजार. सोबत आठवड्याचा तक्ता, स्टुडिओचं कोटेशन आणि १२ महिन्यांचं बँकेचं विवरण जोडलं आहे. कर्ज घ्यावं का?

उत्तर : हे कर्ज घेऊ नका, आणि शिकवण्या तर अजिबात बंद करू नका. स्टुडिओ मात्र करा. तो ६ लाखांचा नको, साधारण ७५ हजारांपासून सुरू करा, आणि तो कर्ज न काढता उभा राहू शकतो.

आधी आठवडा पाहू. सोमवारी मालिकेच्या शीर्षकगीताचं रेकॉर्डिंग ६,०००. शुक्रवारी साताऱ्याला अभंगवाणी ४,५००. शनिवारी लोणावळ्याला लग्नातलं संगीत ७,०००. रविवारी सकाळचा कार्यक्रम ३,५०० आणि संध्याकाळी लावणीचा ४,०००. बाहेरगावच्या संगीतकारांना पाठवलेले दोन ट्रॅक ५,०००, आणि १४ विद्यार्थ्यांच्या शिकवणीचा आठवड्याचा वाटा ४,२००. बुधवारची संगीत नाटकाची तालीम बिनपैशांची. बेरीज बरोबर आहे. पण प्रवास, बाहेरचं जेवण आणि स्टुडिओचं भाडं मिळून ४,००० गेले, आणि येण्याजाण्यासकट तास लागले ५७. हातात तासाला साधारण ५३० रुपये आले.

कामागणिक पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. लोणावळ्याचे ७,००० कागदावर सगळ्यांत मोठे दिसतात, पण खर्च वजा जाता ६,१०० आणि वेळ १३ तास, म्हणजे तासाला ४७० च्या आसपास. साताऱ्याचे तर तासाला ३५५ सुद्धा पडत नाहीत. शिकवणीचे पडतात ७००, घराबाहेर पाऊल न टाकता. ट्रॅकचे ६४०, तेही स्टुडिओचं भाडं भरून. म्हणजे घरी बसून होऊ शकणाऱ्या तुमच्या दोन कामांचा तासाचा भाव दौऱ्यांपेक्षा चांगला आहे. त्यातलं एक तुम्ही बंद करायला निघाला आहात.

आता वर्ष. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मध्ये खात्यावर आले ७ लाख ८४ हजार. ऑक्टोबरला १,०४,०००, ऑगस्टला ९२,०००, सप्टेंबरला ८८,०००. जूनला २९,००० आणि जुलैला २६,५००. धंद्याचा खर्च १ लाख ६२ हजार वजा केला की उरतात ६ लाख २२ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ५१,८००. सव्वा लाख आणि हा आकडा यांत केवढं अंतर आहे पाहा. तुमचा हिशेब चुकला नाही, तुम्ही फक्त हंगामातला आठवडा घेऊन त्याला चारने गुणलंत.

६ लाखांचा १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता येतो २०,५०७ रुपये. एकूण परतफेड ७ लाख ३८ हजार. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तर आणखी १४,१६०. जुलैमध्ये तुमच्या हातात खर्च जाऊन सुमारे १७,५०० उरले होते. पत्नीचा पगार मिळवूनही त्या महिन्यात घरखर्चाला अडीच हजार कमीच पडले. त्यावर हा हप्ता आला की खड्डा २३ हजारांचा. त्या २६,५०० मधले १६,८०० शिकवणीचे होते, हेही लक्षात घ्या. शिकवण्या नसत्या तर जुलैची जमा फक्त ९,७०० झाली असती.

यंदा तर पंचांगच तुमच्या विरुद्ध आहे. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत. गेल्या मे महिन्याची ७१,००० ची जमा बहुतेक लग्नांच्या संगीताची होती, ती निम्म्यावर येईल असं धरून चाला. अधिक मासामुळे आषाढी २५ जुलैला जाते आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. म्हणजे ऑगस्टमधली कमाई यंदा सप्टेंबरमध्ये सरकेल. २७ सप्टेंबरपासून पितृपक्ष, नवरात्र ११ ऑक्टोबरला. आज कर्ज घेतलं तर मे ते ऑगस्ट हे पहिले चार हप्ते, म्हणजे ८२ हजार, सगळ्यांत कोरड्या काळात भरावे लागतील. बँकेतले २ लाख १० हजार तिथेच आटायला लागतील. एखादा हप्ता चुकला की दंड तर बसतोच, शिवाय क्रेडिट स्कोअर पडतो. उद्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा तो आडवा येईल.

आता त्या ६ लाखांच्या कोटेशनबद्दल. त्यात २ लाख ४० हजार खोलीच्या आतल्या कामाचे आहेत : फॉल्स सीलिंग, भिंतभर फोम, दुहेरी काच. घर भाड्याचं, करार ११ महिन्यांचा. भिंतीत गेलेला पैसा घर बदलताना उचलता येत नाही, आणि मालक भिंत पूर्ववत करून मागेल तो खर्च वेगळा. दुसरं असं की एक इंची फोम फक्त वरचे सूर शोषतो, खालच्या सुरांना तो काहीच करत नाही. तुमची खोली १० बाय १० ची आहे. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे ५६-५७ हर्ट्झच्या आसपास दोन्ही दिशांची गुंज एकावर एक चढते, आणि ढोलकीची धूम, डग्ग्याची घुमारी तिथेच फुगून ऐकू येते. वरचा आवाज मेलेला आणि खालचा घुमणारा, अशी खोली तयार होईल. फोमने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही थांबत नाही. त्याला वजनदार, हवाबंद भिंत लागते, आणि भाड्याच्या घरात तो नाद सोडलेला बरा. रेकॉर्डिंग सकाळी ११ ते संध्याकाळी ५ मध्ये बसवा.

त्याऐवजी लाकडी चौकटीत ४ इंच जाडीचा रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरून वर सुती कापड ताणलेले २ बाय ४ फुटांचे सहा पॅनल सुताराकडून करून घ्या. एकाला अडीच हजार धरा, १५,००० झाले. दोन कोपऱ्यांत तिरके उभे करा, बाकीचे भिंतीपासून ४ इंच पुढे. घर बदललं की टेम्पोत घालून न्यायचे. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) १८,०००, दोन माइक २५,०००, कान पूर्ण झाकणारे (क्लोज्ड-बॅक) हेडफोन १०,०००, स्टँड आणि केबल ७,०००. एकूण ७५,०००. ढोलकीला शाईच्या (उंच सुराच्या) बाजूला छोट्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक वीतभर अंतरावर, धूमेच्या (खालच्या सुराच्या) बाजूला डायनॅमिक माइक. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना धूम पातळ वाटली तर एकाची पोलॅरिटी उलटवून पाहा. बऱ्याचदा दोष माइकचा नसतो, तिथे असतो. आत्ताचा लॅपटॉप दोन ट्रॅकला पुरतो. १ लाख ८० हजारांचा नवा संगणक आणि ५० हजारांचा कीबोर्ड आज नको. स्पीकर दिवाळीनंतर.

तुम्ही महिन्याला सरासरी १४ तास स्टुडिओ भाड्याने घेता, ताशी ६०० प्रमाणे ८,४००. त्यातले १० तास घरी आले तरी ६,००० वाचतात. ७५ हजार साडेबारा महिन्यांत वसूल. अल्बमचं शेवटचं मिक्सिंग आणि मोठा ताफा असलेलं रेकॉर्डिंग बाहेरच करा, त्या ४ तासांचं भाडं योग्य कारणी लागतं.

हे ७५ हजार येतील कुठून? तुमच्याच तक्त्यात ८८,००० 'येणे' लिहिलेले आहेत, त्यातले बरेचसे मालिकेच्या कामाचे, ९० दिवसांच्या वायद्यावरचे. तेच आधी वसूल करा. पुढच्या कामांसाठी 'उद्यम' (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी करून ठेवा, ती फुकट आहे आणि सरकारी पोर्टलवर होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. नोंदणी कामाच्या आधीची हवी, आणि बिलावर उद्यम क्रमांक हवा. निर्मात्याशी भांडायला जा असं म्हणत नाही, बिलावरची ती एक ओळ पुष्कळदा काम करते. लग्नांच्या कामाला निम्मे पैसे तारीख धरताना आणि उरलेले वाद्य जुळवण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर यजमान पाहुण्यांत हरवतात.

कर्जाच्या बाजूने तुम्हाला कुणी सांगितलं आहे की व्याज आणि घसारा (यंत्रांची दरवर्षी घटणारी किंमत) दाखवून कर वाचेल. तुमच्या बाबतीत वाचवायला करच नाही. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, तुमचं निव्वळ उत्पन्न ६ लाख २२ हजार. उलट १० टक्क्यांनी कापला गेलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) तुमचाच पैसा आहे. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण) कोणी किती कापला ते तपासा आणि विवरणपत्र मुदतीत भरून परतावा घ्या. वर्ष निघून गेल्यावर भरता येणाऱ्या 'अद्ययावत' विवरणपत्रावर परतावा मागता येत नाही, म्हणून टाळाटाळ नको.

निम्मी जमा उत्पन्न धरायची जी सोपी योजना सांगतात (जुन्या कायद्यात ४४एडीए, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलला), ती ठरावीक व्यवसायांना आहे. त्या यादीत 'चित्रपट कलाकार' येतो, म्हणजे चित्रपटाच्या निर्मितीत काम करणारा. लग्नात आणि रंगमंचावर ढोलकी वाजवणाऱ्याला ती सरसकट लागू धरणं धोक्याचं आहे. सीएला विचारा, आणि तोवर साधी वही ठेवा : तारीख, कोणाकडून, किती, प्रवास, पुडी (वाद्याचं कातडं) बदलल्याचा खर्च. जीएसटीची चिंता आज नको, सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाख आहे.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. तुमच्या आकड्यांवरून वर्षाला ३ लाख ८० हजार उरायला हवे होते, खात्यात आहेत २ लाख १० हजार. १ लाख ७० हजार कुठे गेले ते विवरणातून लागत नाही, कारण घरचा आणि कामाचा यूपीआय एकाच खात्यावर आहे. दुसरं बचत खाते उघडा. कामाची सगळी जमा त्यात, वाद्यांचा आणि प्रवासाचा खर्च त्यातूनच. दर १ तारखेला तिथून घरखात्यावर ३२,००० 'पगार' पाठवा, ऑक्टोबरलाही तेवढाच आणि जुलैलाही तेवढाच. घरखर्चाला तुमच्याकडून २०,००० लागतात, वरचे १२,००० विमा आणि मुलीच्या गुंतवणुकीला. ६ महिन्यांच्या घरखर्चाइतके, म्हणजे ३ लाख १२ हजार, जमेपर्यंत त्या खात्यातून दुसरं काही विकत घ्यायचं नाही.

विम्यात तुमच्यासाठी सगळ्यांत निकडीची गोष्ट बोटांची आहे. मनगट मोडलं तर आरोग्य विमा रुग्णालयाचं बिल देईल, बुडालेल्या कार्यक्रमांचे पैसे देणार नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसीत 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' हे कलम घ्या, त्यात काम बंद असलेल्या आठवड्यांची भरपाई मिळते. अर्जात व्यवसाय 'वादक' असाच लिहा, नाहीतर दावा अडकतो. त्यासोबत कुटुंबाचा आरोग्य विमा आणि तुमच्या नावाचा मुदत विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

अल्बम थांबवा असं मी सांगणार नाही. संबळ आणि दिमडीला पुढे ठेवून कोणी काम करत असेल तर ते पुरं व्हायलाच हवं. त्याला वेळ शिकवणीतून न काढता साताऱ्यासारख्या दौऱ्यांमधून काढा : महिन्यात असे दोन कार्यक्रम नाकारले तर ७,८०० कमी येतील आणि २२ तास मोकळे होतील. तेवढा तोटा शिकवणीला आणखी सहा-सात विद्यार्थी घेऊन भरून निघतो, तोही आठवड्याला साधारण तीन जास्तीच्या तासांत. बुधवारची तालीम चालू ठेवा, तिथूनच तुम्हाला कामं येतात हे तक्त्यावरून दिसतं. निर्मात्याकडे निदान प्रवासभत्ता मागा. अल्बममधल्या तुमच्या स्वतःच्या रचना आयपीआरएसकडे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवा, आणि पारंपरिक चाल घेतलीत तर दुसऱ्या कोणाची वाद्यरचना जशीच्या तशी उचललेली नाही ना, हे प्रकाशनाआधी पाहा.

बाहेरगावचे ट्रॅक सलग ६ महिने दरमहा १२ च्या वर गेले आणि पुढची ५ वर्षं टिकेल अशी जागा मिळाली, तर पुन्हा लिहा. तेव्हा २ लाखांपर्यंतचं कर्ज चालेल, कारण तो हप्ता ७,००० च्या आत बसेल आणि ट्रॅकच्या कमाईतून जुलैमध्येही भरता येईल. तोवर या आठवड्यात ८८,००० ची थकबाकी माणसागणिक आणि तारखेनिशी लिहून काढा, आणि सगळ्यांत जुन्या बिलापासून फोन सुरू करा.